वृद्ध वृक्षांच्या छायेतील पुष्पझुडपे : प्रकाश आणि मूळस्पर्धा

जुन्या शिक्षणसंस्थांच्या, कचेऱ्यांच्या आणि वाड्यांच्या आवारांत एक दृश्य नेहमी आढळते. शंभर वर्षांचा वड किंवा आंबा आपला पर्णसंभार पसरून उभा असतो, आणि त्याच्या तळची जमीन मात्र उघडी, कडक व धुळीने माखलेली असते. दर पावसाळ्याच्या प्रारंभी तेथे गुलाब, मोगरा, जास्वंद अशी फुलझाडे हौसेने लावली जातात. दिवाळीपर्यंत त्यांना थोडीफार पाने असतात. होळीपर्यंत काटक्या उरतात. या अपयशाचे कारण विचारले असता 'सावली' हे एकच उत्तर मिळते, आणि त्यावर उपाय म्हणून एकतर वृक्षाच्या फांद्या छाटल्या जातात, नाहीतर बुंध्याभोवती खोल खणून नवी माती भरली जाते. पहिल्या उपायाने झुडपाला मिळणारा लाभ बहुधा अल्प असतो. दुसऱ्याने वृक्षाचाच नाश ओढवू शकतो. झुडूप तीन वर्षांत उभे राहते, वृक्षाला तीन पिढ्या लागतात. यास्तव छायेतील लागवडीचा प्रश्न केवळ उद्यानशोभेचा नाही. झुडपाला नेमके काय कमी पडते, हे निश्चित केल्यावाचून केलेला उपाय उभयतांना घातक ठरतो.

वृक्षातळी झुडपाला दोन प्रकारचे दारिद्र्य भोगावे लागते. एक वरून येणाऱ्या प्रकाशाचे व दुसरे खालून मिळणाऱ्या पाण्याचे आणि पोषकद्रव्यांचे. पहिले डोळ्यांना दिसते, म्हणून सर्व दोष त्याच्या माथी येतो. दुसरे जमिनीखाली असल्याने दुर्लक्षित राहते. या दोहोंचा प्रथम स्वतंत्र व नंतर एकत्रित विचार करणे इष्ट आहे.

१. छायेतील प्रकाश : प्रमाण आणि गुण

पर्णसंभारातून खाली उतरताना प्रकाश कोणत्या नियमाने क्षीण होतो, याचे गणिती विवेचन मासामी मोन्सी आणि तोशिरो साएकी या जपानी संशोधकांनी १९५३ साली केले. द्रवातून जाणाऱ्या प्रकाशाच्या शोषणाचा घातांकी नियम त्यांनी पर्णसंभाराला लावला. एक चौरस मीटर भूमीवर जितके चौरस मीटर पर्णक्षेत्र असते, त्या गुणोत्तराला पर्णक्षेत्र-निर्देशांक म्हणतात. क्षीणतेचा गुणांक ०·५ धरल्यास, निर्देशांक २ असलेल्या विरळ वृक्षाखाली सुमारे ३७ टक्के प्रकाश पोहोचतो. निर्देशांक ४ असता तो १३ ते १४ टक्क्यांवर येतो आणि ६ असता अवघा ५ टक्के उरतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. 'सावली' या एका शब्दाखाली अत्यंत भिन्न परिस्थिती मोडतात, ही पहिली. दुसरी अशी की, दाट वृक्षाचा थोडा पर्णभार कमी केल्याने तळच्या प्रकाशात पडणारा फरक निरपेक्ष दृष्टीने लहानच असतो. निर्देशांक ६ वरून ५ वर आणल्यास, म्हणजे वृक्षाचा सहावा हिस्सा पाने काढून टाकल्यास, प्रकाश ५ टक्क्यांवरून सुमारे ८ टक्क्यांवर जातो. सूर्यप्रेमी झुडपाच्या दृष्टीने या दोन्ही अवस्था सारख्याच उपासमारीच्या होत.

प्रमाणाबरोबर प्रकाशाचा गुणही बदलतो. पानांतील हरितद्रव्य तांबडे व निळे किरण मोठ्या प्रमाणावर शोषून घेते; तांबड्यापलीकडील अतिदूर-तांबडे किरण मात्र पानांतून बव्हंशी आरपार जातात किंवा परावर्तित होतात. उघड्यावर तांबड्या व अतिदूर-तांबड्या किरणांचे गुणोत्तर सुमारे १·१ ते १·२ असते. दाट छायेत ते घसरून ०·१ ते ०·३ पर्यंत येऊ शकते. हा फरक ओळखणारे रंजकद्रव्य वनस्पतीत असले पाहिजे, हे अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली सालीटच्या बियांवरील प्रयोगांतून दाखविले. पुढे त्या द्रव्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले. सूर्यप्रेमी वनस्पतीला या गुणोत्तराची घसरण म्हणजे शेजारी वरचढ झाल्याची सूचना होय. ती आपली पेरे लांबविते, फांद्या कमी फोडते व उंच होऊन प्रकाश गाठू पाहते. गवतातून वर येणाऱ्या रोपट्याला ही युक्ती तारक ठरते. परंतु १५ मीटर उंचीच्या आंब्याखाली सापडलेल्या गुलाबाला ती मारक होते. असलेले थोडे अन्न निष्फळ उंचीत खर्ची पडते आणि कळ्यांसाठी काही उरत नाही.

छायासहिष्णू वनस्पतींचे वर्तन याहून निराळे असते. त्यांची पेरे फारशी लांबत नाहीत. त्यांची पाने पातळ व रुंद असून, वजनाच्या मानाने त्यांत हरितद्रव्य अधिक असते. त्यांचा श्वसनाचा खर्चही कमी असतो. प्रकाशसंश्लेषणाने मिळालेले अन्न आणि श्वसनात खर्च झालेले अन्न ज्या प्रकाशतीव्रतेला समान होतात, त्या बिंदूला प्रकाशाचा समतोलबिंदू म्हणतात. छायेतील पानांचा समतोलबिंदू उन्हातील पानांच्या मानाने पुष्कळच खाली असतो. थोड्या मिळकतीत काटकसरीने संसार करणाऱ्या गृहस्थाप्रमाणे ही झुडपे अल्प प्रकाशातही शिल्लक टाकतात.

येथे एक भेद विसरता कामा नये. झुडूप जगणे आणि झुडूप फुलणे यांना लागणारा प्रकाश एक नाही. फुले ही शिलकीतून होणारी निर्मिती आहे. म्हणून समतोलबिंदूच्या थोडे वर असलेले झुडूप वर्षानुवर्षे हिरवे राहील, पण त्याला कळी धरणार नाही. कॉफीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अरबी कॉफी हे मूळचे इथिओपियातील जंगलांच्या छायेत वाढणारे झुडूप असून, कोडगू व चिकमगळूर भागांत तिची लागवड पांगारा, सिल्व्हर ओक इत्यादी वृक्षांच्या छायेत होते. पूर्ण उन्हात कॉफीला फुले व फळे अधिक लागतात. परंतु खतपाण्याची मोठी तरतूद नसल्यास त्या भाराने तिच्या फांद्या सुकतात आणि झाड लवकर थकते. छायेत फुलांची संख्या घटते, पण उत्पन्न सातत्याने मिळते व झुडपाचे आयुष्य वाढते. छायेतील बागेकडून उन्हातील बागेइतक्या बहराची अपेक्षा करणे हे मुळातच चूक आहे, असे यावरून म्हणता येईल.

सरासरी टक्केवारीने छायेचे संपूर्ण वर्णन होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. पानांच्या फटींतून उतरणारे कवडसे तळच्या झुडपाच्या दिवसभराच्या मिळकतीचा मोठा वाटा देऊन जातात. त्याचप्रमाणे वृक्षाचे ऋतुमान महत्त्वाचे आहे. शिरीष हिवाळ्यात व गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडी निष्पर्ण होतो. करंज चैत्राच्या सुमारास थोडेच दिवस उघडा पडतो. आंबा, जांभूळ आणि बकुळ यांची छाया बारमाही दाट असते. सह्याद्रीच्या पानझडी व निमसदाहरित जंगलांत वाढणारी दशमुळी हिवाळ्यात निळ्याजांभळ्या फुलांनी बहरते, म्हणजे वरचे छत विरळ होऊ लागते त्याच सुमारास. छायेतील झुडपे निवडताना वरच्या वृक्षाची पानगळ आणि खालच्या झुडपाचा बहर यांची सांगड घालणे, हा निसर्गाकडून शिकण्याजोगा पहिला धडा होय.

२. जमिनीखालील स्पर्धा

१९०४ साली कार्ल फ्रिके या जर्मन वनशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. पाइन वृक्षांखाली खुरटलेल्या रोपांभोवती त्याने चर खणून मोठ्या वृक्षांची तेथवर आलेली मुळे तोडली. वरची छाया जशीच्या तशी होती. तरीही ती रोपे टवटवीत होऊन वाढू लागली. छायाप्रेमी व प्रकाशप्रेमी वृक्ष अशी जी विभागणी त्या काळी सिद्धान्तासारखी मानली जात असे, तिच्यावर फ्रिकेने या आधारे कठोर टीका केली. पुढे अमेरिकेत न्यू हॅम्पशर येथील पांढऱ्या पाइनच्या वनात जेम्स टूमी आणि रेमंड कीनहोल्झ यांनी अशाच चर खणलेल्या चौकोनांचे दीर्घ निरीक्षण करून १९३१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चरांच्या आतील भूमीत ओल अधिक टिकली व तेथे दाट हिरवळ माजली; शेजारची, तितक्याच छायेतील भूमी मात्र जवळजवळ उघडी राहिली.

म्हणून छायेचे महत्त्व शून्य ठरते, असे नव्हे. डेव्हिड कूम्स आणि पीटर ग्रब यांनी २००० साली जगभरच्या अशा प्रयोगांचा एकत्र परामर्श घेतला. त्यांच्या मते ओलसर व सुपीक जमिनीवरील वनांत तळच्या रोपांची वाढ मुख्यत्वे प्रकाशाने मर्यादित होते. जमीन निकस किंवा कोरडी असेल तेथे मूळस्पर्धा दूर केल्याचा परिणाम ठळक दिसतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ सहज उलगडतो. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. अर्थात एकाच झाडाखालचे एकच झुडूप श्रावणात प्रकाशासाठी आणि फाल्गुनात पाण्यासाठी झगडत असते. कोकणात पावसाळ्यातील प्रकाशाची तूट अधिक तीव्र असते. देशावर उन्हाळ्यातील पाण्याची.

वृक्षाची मुळे जितकी वर तितकीच खाली जातात, ही समजूत सामान्यतः बरोबर नाही. पाणी व पोषकद्रव्ये शोषणाऱ्या बारीक मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात असतो, आणि त्यांचा विस्तार पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पुष्कळ दूर जातो. झुडपाची मुळे याच थरात उतरतात. शिवाय हलक्या सरींचे बरेचसे पाणी पानांवरच अडून तेथूनच बाष्परूपाने निघून जाते. जमिनीपर्यंत ते पोहोचतच नाही. वृक्षातळची जमीन सावलीत असूनही कोरडी का, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

काही वृक्षांखाली काही उगवत नाही, याचे कारण त्यांच्या पानांतील विषारी द्रव्ये होत, असेही सांगण्यात येते. चिंचेविषयी ही समज जुनी आहे. चिंचेच्या पानांच्या अर्काने इतर रोपांची वाढ खुंटते, असे प्रयोगशाळेत आढळलेही आहे. तथापि काचपात्रातील अर्क आणि पालापाचोळा, जिवाणू व बुरशी यांनी भरलेली माती यांत मोठे अंतर आहे. पाणी, प्रकाश व मातीचा कडकपणा ही कारणे तपासून झाल्यावरच या कारणाकडे वळणे शास्त्रशुद्ध होईल.

३. निदान

झुडपाच्या लक्षणांवरून कोणती तूट प्रबळ आहे, याचा बराच अंदाज करता येतो. पेरे लांबलेली, खोड सडपातळ, पाने मोठी व गर्द, फांद्या उजेडाच्या दिशेला कललेल्या आणि माती ओलसर, अशी लक्षणे दिसल्यास प्रकाशाची तूट समजावी. याउलट पेरे आखूड, पाने लहान, कडा करपलेल्या, दुपारी माना टाकणे आणि पावसाळ्यातच तेवढी नवी पालवी, अशी लक्षणे मूळस्पर्धेची निदर्शक होत.

अधिक खात्रीसाठी फ्रिकेच्या प्रयोगाचे निरुपद्रवी रूप योजिता येईल. वृक्षाची मुळे तोडण्याऐवजी झुडूपच त्यांच्यापासून वेगळे करावे. एकाच कलमापासून केलेली, सारख्या वयाची रोपे घेऊन त्यांचे चार गट करावेत : छायेत जमिनीत, छायेत कुंडीत, उघड्यावर जमिनीत आणि उघड्यावर कुंडीत. सर्वांना माती व पाणी सारखे द्यावे. प्रत्येक गटात पुरेशी रोपे असावीत आणि त्यांच्या जागा यदृच्छेने ठरवाव्यात. छायेतील कुंड्या विटांवर ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा तळच्या छिद्रातून वृक्षाची मुळे आत शिरतात व प्रयोग व्यर्थ जातो. कुंडीमुळे झुडपाच्या स्वतःच्या मुळांनाही मर्यादा पडते, म्हणूनच उघड्यावरील कुंडीचा गट आवश्यक आहे. उघड्यावर कुंडीतील रोपे जमिनीतील रोपांहून मागे पडली, पण छायेत मात्र कुंडीतीलच रोपे पुढे गेली, तर मूळस्पर्धा सिद्ध झाली असे मानण्यास हरकत नाही. छायेतील दोन्ही गट सारखेच दुर्बळ निघाले, तर दोष प्रामुख्याने प्रकाशाचा होय.

प्रकाशमापनासाठी साधा लक्समापक चालतो, परंतु तो मानवी नेत्राच्या संवेदनशीलतेवर बेतलेला असल्याने छायेतील प्रकाशाचा गुण त्याला कळत नाही. म्हणून निरपेक्ष आकड्यांपेक्षा, सकाळपासून सायंकाळपर्यंत ठरावीक अंतराने छायेत व उघड्यावर एकाच वेळी घेतलेल्या वाचनांचे गुणोत्तर अधिक विश्वसनीय असते. अशी वाचने किमान पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत घ्यावीत.

४. झुडपांची निवड

निवडीचा मार्गदर्शक सह्याद्रीचे वनतलच होय. दशमुळीखेरीज तेथे पापट, अंजनी, भूतकेस, कुसर यांसारखी झुडपे व वेली झाडांच्या संगतीत फुलतात. पापटाचे पांढरे गुच्छ आणि अंजनीची फांद्यांना लगडलेली निळी फुले उद्यानातही शोभा देतील. तथापि रोपवाटिकांतून ही झुडपे अभावानेच मिळतात. कारवी हीसुद्धा याच परिसरातील. परंतु सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरणारे हे झुडूप बागेपेक्षा डोंगरउतारावरच शोभते.

परिचित झुडपांची विभागणी छायेच्या दाटपणानुसार करता येईल. शिरीष, गुलमोहर यांच्यासारख्या विरळ किंवा ऋतुपरत्वे उघडणाऱ्या छायेत कुंती, तगर, अनंत, पेंटगूळ आणि कोरांटी फुलू शकतात. बहर उन्हातल्यापेक्षा कमी असतो, एवढेच. मध्यम छायेत अबोली, अडुळसा आणि मुसांडा ही विचारात घेण्याजोगी आहेत. आंबा, बकुळ यांच्या बुंध्याजवळच्या गर्द छायेत फुलांचा आग्रह सोडून पानांच्या शोभेवर समाधान मानणे शहाणपणाचे. पुष्पझुडपे घेरच्या कडेला, सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन पोहोचते तेथे लावावीत. गुलाब, बोगनवेल आणि मोगरा यांना वृक्षातळी जागा देऊ नये.

५. लागवड आणि वृक्षाचे रक्षण

लागवडीचा प्रत्येक तपशील वृक्षाच्या मुळांना जपूनच ठरविला पाहिजे. रोप लहान घ्यावे. मोठ्या रोपाला मोठा खड्डा लागतो आणि मोठा खड्डा म्हणजे तुटलेली मुळे. सरसकट वाफा न खणता मुळांच्या अधल्यामधल्या जागा शोधून हाताने छोटे खड्डे करावेत. अंगठ्याएवढे जाड मूळ लागल्यास ते न तोडता खड्डा बाजूला सरकवावा. उन्हात वाढलेले रोप एकदम छायेत आणल्यास पाने गाळते. म्हणून आधी काही आठवडे त्याला विरळ सावलीची सवय करावी. पहिले पाऊस होऊन जमीन भिजल्यावर लागवड केल्यास रोपाला मुळे धरण्यासाठी तीन-चार महिन्यांची ओल मिळते. त्यानंतरचे दोन उन्हाळे मात्र त्याला नियमित पाणी द्यावेच लागते, कारण त्याची स्पर्धा पूर्ण वाढलेल्या मूळसंभाराशी असते. नत्रयुक्त खताचा अतिरेक टाळावा. त्याने पाने माजतात व फुले मागे पडतात.

सर्वांत उपयुक्त व सर्वांत उपेक्षित साधन म्हणजे पालापाचोळा. झाडून, गोळा करून जाळला जाणारा हा पाला जमिनीवर ५ ते ८ सेंटिमीटर जाडीने पसरून ठेवल्यास ओल टिकते, माती भुसभुशीत होते व वृक्षाने जमिनीतून उचललेली द्रव्ये जमिनीला परत मिळतात. बुंध्याला मात्र तो टेकू देऊ नये. सततच्या ओलीने साल कुजते.

बुंध्याभोवती मातीचा जाड भराव घालणे ही सर्वांत घातक चूक होय. मुळांना प्राणवायू लागतो आणि तो वरच्या थरातूनच त्यांना मिळतो. वड-पिंपळांभोवती पार बांधून माती भरण्याची रीत जुनी आहे व तरीही ते वृक्ष टिकतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु वड-पिंपळ खोडातून नवी मुळे सोडू शकतात. आंबा किंवा गुलमोहर यांना ते सहसा साधत नाही. एका जातीचा अनुभव दुसरीला लावण्यात धोका आहे. तोडलेल्या मुळांच्या जखमांतून आणि सतत चिंब ठेवलेल्या बुंध्यातून गॅनोडर्मासारख्या बुरशींना प्रवेश मिळतो. असा वृक्ष तत्काळ मरत नाही. काही वर्षांनी शेंडा वाळतो, आणि एखाद्या वादळी पावसात तो उन्मळून पडतो. तोवर वाफा कोणी खणला होता, हे कोणाच्या स्मरणात नसते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ साली झाला आणि २०२१ सालच्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या वृक्षांना विशेष स्थान मिळाले. तथापि कायद्याची दृष्टी कुऱ्हाडीवर सहज जाते. कुदळीचा घाव तिला दिसणे कठीण.

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा : छाया ही एकजिनसी वस्तू नसून तिचे प्रमाण, गुण व ऋतुमान यांचा वेगवेगळा विचार केला पाहिजे, कोरड्या प्रदेशांत छायेइतकीच किंवा तिच्याहून अधिक अडचण मूळस्पर्धेची असते, आणि यांपैकी कोणते कारण प्रबळ आहे, हे साध्या प्रयोगाने ठरविता येते. देशी वनतलीय झुडपांचा समतोलबिंदू, फुलण्यासाठी लागणारा किमान प्रकाश आणि कोरड्या ऋतूतील त्यांची सहनशक्ती हे विषय पदव्युत्तर अभ्यासाला सर्वथा योग्य आहेत. त्यासाठी दूरच्या जंगलात जाण्याची आवश्यकता नाही. बहुतेक महाविद्यालयांच्या आवारांत एखादा जुना वृक्ष आणि त्याच्या तळची उघडी जमीन अभ्यासकाची वाट पाहत असतेच.